कारखान्याचे सांडपाणी आणि कलावंताची साक्ष

आपल्या चळवळीत एक जुनी रीत रूढ झाली आहे. जाहीर सभा सायंकाळी सहाची असते, वक्ते आठाच्या सुमारास येतात आणि मधले दोन तास शाहिराच्या डफावर काढले जातात. पुढाऱ्यांची गाडी मैदानाशी आली की शाहिराला खूण होते, तो कडवे अर्ध्यावर तोडतो आणि झीलकऱ्यांसह व्यासपीठाच्या मागे जाऊन उभा राहतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तान्तात 'प्रारंभी कलापथकाने स्फूर्तिगीते सादर केली' एवढे एक वाक्य त्याच्या वाट्याला येते. शाहिराचे नाव त्यात नसते. ज्या पक्षाने श्रमाला प्रतिष्ठा देण्याची भाषा हयातभर केली त्याने आपल्याच कलावंताच्या श्रमाला अशी वागणूक द्यावी, हे शोभणारे नाही. परंतु हा प्रश्न केवळ सौजन्याचा असता तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. नदी, खाडी, जंगल आणि हवा यांच्या लुटीविरुद्ध आज देशोदेशी जे लढे चालू आहेत, त्यांत कलावंताचे स्थान सभेपूर्वीच्या करमणुकीचे नाही. अनेक ठिकाणी तो पहिला साक्षीदार ठरला आहे. शास्त्रज्ञांचा अहवाल दडपला गेला, सरकारने डोळे मिटले, आणि दुःखाची गोष्ट अशी की कामगार संघटनेनेही पाठ फिरवली, तेव्हा साक्ष दिली ती लेखणीने, कॅमेऱ्याने आणि गाण्याने.

हे विधान अतिशयोक्त वाटेल त्यांनी जपानमधील मिनामाताचा इतिहास पाहावा. तो जुना आहे खरा, तथापि श्रमिकांच्या पक्षाला त्यातून जे शिकावयाचे आहे ते अद्याप शिकून झालेले नाही.

क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मिनामाता हे मच्छीमारांचे गाव. तेथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना आला, गावाचे शहर झाले. १९३२ पासून या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होऊ लागले. त्या प्रक्रियेत पारा वापरला जाई, आणि त्यातून निर्माण होणारे पाऱ्याचे सेंद्रिय संयुग सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. ते माशांत साठले, मासे मांजरांनी खाल्ले आणि माणसांनी खाल्ले. मांजरे वेड लागल्यासारखी गरगर फिरून मरू लागली. पुढे माणसांचे हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली, डोळ्यांपुढचे जग अरुंद होत गेले. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. (जगातील कामगार ज्या दिवशी झेंडे घेऊन बाहेर पडतात, नेमका तोच दिवस. इतिहासाला असल्या योगायोगांची खोड असते.) गर्भातील मुलांनाही हे विष लागले, आणि आईला फारसे काही झालेले नसताना मूल जन्मतःच लुळे निघाले.

१९५९ साली कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. त्या मांजराला तोच रोग झाला. कंपनीने तो प्रयोग बाहेर येऊ दिला नाही. उलट त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला रुग्णांशी एक 'सांत्वना करार' करण्यात आला. मृत्यूबद्दल ३ लाख येन आणि आजारी मुलाला वर्षाला ३० हजार येन, असे त्याचे दर होते. पुढेमागे हा रोग कारखान्याच्या सांडपाण्यामुळे झाल्याचे सिद्ध झाले तरी रुग्णांनी अधिक काही मागू नये, असे एक कलमही त्यात होते. सिद्ध झाले तरी! ज्या कंपनीला आपल्या निर्दोषत्वाची खात्री असते ती असले कलम लिहून घेत नाही. त्याच डिसेंबरात पाणी शुद्ध करणारे नवे यंत्र गाजावाजाने बसविण्यात आले. सेंद्रिय पारा काढून टाकण्यासाठी ते बनविलेलेच नव्हते. समुद्रात विष जाणे थांबले ते १९६८ साली, कारण ती उत्पादनपद्धती कालबाह्य झाली आणि कंपनीला तिची गरज उरली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने रोगाचे कारण मान्य केले. म्हणजे कारखान्याला पाऱ्याची गरज होती तोवर सत्य अनिश्चित होते, गरज संपताच ते निश्चित झाले.

या सर्व काळात शहर कोणाच्या बाजूला होते? १९५९ च्या नोव्हेंबरात संतापलेल्या मच्छीमारांनी कारखान्यात घुसून मोडतोड केली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत शहराचे महापौर, व्यापारी मंडळ आणि कामगार संघटनेचे प्रतिनिधी असे शिष्टमंडळ प्रांताच्या राज्यपालांना भेटले. त्याची मागणी होती की कारखान्याचे सांडपाणी थांबवू नये, कारण कारखाना थांबला तर शहर थांबेल. महापौर आणि व्यापारी यांचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. त्या यादीतील तिसरे नाव मात्र आम्हाला पुन्हा पुन्हा वाचावे लागते.

अशा वेळी इशिमुरे मिचिको या बाईंनी लिहावयास घेतले. जन्म १९२७ चा, शिक्षण बेताचे, घरसंसार करणारी स्त्री, कविता लिहिण्याचा छंद. रुग्णालयातील मच्छीमार रुग्णांची स्थिती तिने पाहिली आणि तिला ते पाहणे सोडवेना. १९६९ च्या जानेवारीत तिचे 'कुगाई जोदो' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नावाचा अर्थ दुःखाचा सागर आणि बौद्ध परंपरा जिला सुखावती म्हणते ती पवित्र भूमी. त्यात वैद्यकीय अहवालांचे कोरडे उतारे आहेत आणि त्यांच्या शेजारीच मच्छीमार नवराबायकोंचे त्यांच्या किनाऱ्यावरच्या बोलीतले बोलणे आहे. त्या बोलण्यात आजाराची तक्रार थोडी आणि समुद्राची आठवण फार. पहाटेची नाव, जाळ्यातला मासा, नावेवरच रांधून खाल्लेली न्याहारी यांविषयी ती माणसे बोलतात. वाचकाला कळत जाते की कारखान्याने केवळ शरीर नासविले नाही, एक जगणे नासविले. नुकसानभरपाईच्या दरपत्रकात या दुसऱ्या नुकसानीला रकाना नाही.

पुढे असे उघड झाले की हे बोलणे इशिमुरे यांनी ध्वनिमुद्रित केलेले नव्हते, त्याची टिपणेही घेतलेली नव्हती. ज्यांची जीभच रोगाने हिरावली होती त्या माणसांच्या मनातले त्यांनी शब्दांत उतरविले होते. यावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले आहे. आम्हाला हा प्रश्न सोपा वाटत नाही. चळवळीच्या नावाखाली दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा अपराध आपल्यापैकी अनेकांनी केलेला आहे. आदिवासीच्या तोंडी पत्रकातली भाषा घातलेली नाटके आम्ही पाहिली आहेत, आणि ती पाहताना आदिवासी प्रेक्षक कंटाळलेलेही पाहिले आहेत. इशिमुरे यांच्या बाबतीत उलटे घडले. शब्द त्यांचे होते, परंतु त्यामागे वर्षानुवर्षांचा शेजार होता. त्या रुग्णांना भेटून शहरात परतणाऱ्या पाहुण्या नव्हत्या, त्याच गावच्या होत्या. पुस्तकाला देऊ केलेला मोठा वाङ्मयीन पुरस्कार त्यांनी नाकारला आणि रुग्णांच्या लढ्यात त्या शेवटपर्यंत राहिल्या. २०१८ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

या लढ्यातील एक प्रसंग आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावा. रुग्णांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिस्सोचा एकेक भाग विकत घेतला. भागधारकाला वार्षिक सभेत बसण्याचा हक्क असतो, तो हक्क त्यांनी घेतला. १९७० च्या नोव्हेंबरात ओसाका येथे कंपनीची सभा भरली तेव्हा सभागृहात पांढरी वस्त्रे नेसलेल्या यात्रेकरूंची रांग शिरली. जपानात तीर्थयात्रेचा आणि अंत्ययात्रेचा पोशाख पांढराच. हातात घंटा आणि मृत आप्तांच्या स्मृतिपाट्या, मुखात बुद्धभक्तांची यात्रागीते. आपल्याकडे वारकरी दिंडीत अभंग म्हणतात तशी ही गीते पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जातात. नफातोट्याचा ताळेबंद मांडण्यासाठी जमलेल्या त्या सभेत अशा रीतीने दुसरा एक ताळेबंद मांडला गेला. एका स्त्रीने आपल्या आईवडिलांच्या स्मृतिपाट्या कंपनीच्या अध्यक्षासमोर धरून त्याला जाब विचारला. त्सुचिमोतो नोरिआकी या चित्रपटकाराने हे सारे चित्रित केले. त्याचा १९७१ चा माहितीपट पाहणाऱ्याला अध्यक्षाचा चेहरा विसरता येत नाही. रुग्णांना ना नाट्यशिक्षण होते ना दिग्दर्शक. त्यांच्यापाशी स्वतःची परंपरा होती, आणि ती कोणत्या सभागृहात न्यावयाची याचे भान होते.

१९७१ साली अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन मिनामाताला आले. तीन महिन्यांचे काम म्हणून आलेले हे जोडपे तीन वर्षे राहिले. १९७२ च्या जानेवारीत टोकियोजवळच्या गोई येथील कारखान्यात ते रुग्णांबरोबर गेले असता कंपनीच्या माणसांनी स्मिथ यांना बेदम मारहाण केली. त्यांच्या दृष्टीला कायमची इजा झाली. छायाचित्रकाराच्या दृष्टीला! त्यापूर्वीच, १९७१ च्या डिसेंबरात, त्यांनी ते जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले होते. जन्मतःच रोगग्रस्त असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला तिची आई न्हाणीत हातांवर तोलून धरून आंघोळ घालते आहे, आणि तिच्याकडे पाहते आहे. १९७२ साली ते 'लाइफ' साप्ताहिकात छापले गेले आणि मिनामाताचे नाव जगभर झाले. ज्यांना पारा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते त्यांना त्या आईचा चेहरा कळला.

परंतु गोष्ट तेथे थांबत नाही, आणि पुढचा भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९७७ साली ती मुलगी वारली. छायाचित्र मात्र भित्तिपत्रकांवर, पुस्तकांत, प्रदर्शनांत फिरतच राहिले. अखेर मायबापांना वाटले की लेकीला आता विसावा मिळू द्यावा. १९९८ साली आयलीन स्मिथ यांनी त्या छायाचित्राविषयीचा निर्णय त्यांच्याकडे सोपविला आणि नव्या प्रसिद्धीला देणे थांबविले. यावर कलासमीक्षकांनी हळहळ व्यक्त केली. आम्ही मायबापांच्या बाजूचे आहोत. भोपाळच्या १९८४ च्या विषारी वायूनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा साऱ्या जगाने पाहिला. ते मूल कोणाचे, हे कोणालाच सांगता आले नाही. अशी चित्रे घेतली पाहिजेत, ती दाखविलीही पाहिजेत. परंतु पीडिताचे दुःख ही चळवळीची मालमत्ता नव्हे. पत्रकावर कोणाचा फोटो छापताना आपण त्याला विचारतो काय? ज्या स्त्रीच्या रडण्याचे चित्र आपण मोर्च्याच्या फलकावर लावतो तिला तो फलक दाखवितो काय?

आता त्या तिसऱ्या नावाकडे, कामगार संघटनेकडे वळू. १९६२ साली चिस्सोत वेतनाच्या प्रश्नावर दीर्घ संघर्ष झाला. कंपनीच्या कलाने चालणारी दुसरी संघटना उभी राहिली, आणि मूळ संघटनेच्या सभासदांना हलकी कामे, बदल्या, अपमान असे सारे भोगावे लागले. जे आपल्याबाबत होत आहे तेच मच्छीमारांबाबत होत आले, हे त्यांना त्या भोगातून कळले. ३० ऑगस्ट १९६८ रोजी, म्हणजे सरकारने कारण मान्य करण्याच्या आधी, या मूळ संघटनेने एक ठराव केला. तो 'लाजेची घोषणा' म्हणून ओळखला जातो. आजवर आपण मिनामाताच्या रोगाशी लढलो नाही याची माणूस म्हणून आणि कामगार म्हणून आपल्याला लाज वाटते, असा त्याचा आशय. पुढे या संघटनेच्या कामगारांनी न्यायालयात कंपनीविरुद्ध साक्षी दिल्या. १९७० साली त्यांनी प्रदूषणाच्या प्रश्नावर संपही केला. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले, १९५९ चा करार नीतीविरुद्ध म्हणून रद्द केला आणि रुग्णांना प्रत्येकी १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन देवविले. त्या निकालामागे डॉक्टर होते, वकील होते, इशिमुरे यांचे पुस्तक होते आणि कारखान्याच्या आतून बोलणारा कामगारही होता. कलावंताची साक्ष बाहेरून येते, कामगाराची आतून. दोन्ही एकत्र येतात तेव्हा मालकाची खरी पंचाईत होते.

पारा हा प्रवासी धातू आहे. अमेरिकेत ज्याला जागा उरली नाही असा थर्मामीटरचा एक कारखाना १९८३-८४ च्या सुमारास तामिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरावर आणून बसविण्यात आला. पुढे तो हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या, म्हणजे युनिलिव्हर या बहुराष्ट्रीय उद्योगाच्या, मालकीचा झाला. माल निर्यातीचा, पारा इथल्या हवेत. २००१ च्या मार्चमध्ये गावातल्या भंगाराच्या आवारात पाऱ्याने माखलेल्या फुटक्या काचेचे ढीग सापडले, लोकांनी मोर्चा काढला आणि कारखाना बंद पडला. येथे मच्छीमार विरुद्ध कामगार असा पेच नव्हता. ज्यांनी उघड्या हातांनी पारा हाताळला ते कामगारच रुग्ण होते. त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ते वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले.

२०१५ च्या जुलै महिन्यात चेन्नईची सोफिया अश्रफ या तरुणीने एका अमेरिकन गाण्याच्या चालीवर कोडाईकनालचे रॅप रचले आणि ते चित्रफितीच्या रूपाने इंटरनेटवर टाकले. ही मुलगी जाहिरात व्यवसायात काम केलेली. साबण विकण्याची कला तिने साबणवाल्यांवर उलटविली. काही दिवसांत लक्षावधी लोकांनी ते गाणे पाहिले, आणि ज्या कंपनीने आजवर स्थानिक पत्रकांची दखल घेतली नव्हती तिच्या परदेशातील मुख्य अधिकाऱ्याला उत्तर देणे भाग पडले. २०१६ च्या मार्चमध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. रक्कम जाहीर झाली नाही. या घटनेचा अर्थ लावताना दोन चुका होतात. पंधरा वर्षे कामगार लढले आणि गाणे फक्त शेवटी आले, म्हणून गाण्याचे श्रेय शून्य, ही एक चूक. एका गाण्याने कंपनी नमली असे शहरी वर्तमानपत्रांना वाटले, ती दुसरी आणि अधिक घातक. ते गाणे गाजले कारण त्यामागे कामगारांनी जमविलेली कागदपत्रे आणि वैद्यकीय नोंदी होत्या, आणि गायिकेने त्या अभ्यासल्या होत्या. शिवाय गाण्यात मागण्या स्पष्ट होत्या: कामगारांना भरपाई आणि मातीची शुद्धी. पैकी पहिली काही अंशी मिळाली. मातीत किती पारा शिल्लक ठेवणे क्षम्य, यावर कंपनी आणि कार्यकर्ते यांचा वाद त्यानंतरही चालला. युरोपातल्या मातीसाठी जो दंडक, तो कोडाईकनालच्या मातीसाठी का नको, हा कार्यकर्त्यांचा प्रश्न होता. त्याला नीट उत्तर मिळालेले आम्ही ऐकले नाही.

चेन्नईतच २०१७ च्या जानेवारीत टी. एम. कृष्ण या कर्नाटक संगीतातील मान्यवर गायकाने एन्नूरच्या खाडीकाठी उभे राहून एक गाणे गायिले. मागे औष्णिक वीजकेंद्रांची धुराडी, पायाखाली कोळशाची राख. रचना कबेर वासुकी यांची, भाषा रस्त्यावरची तमिळ, राग मात्र देवळातले आणि सभागृहातले. विषय 'पोरम्बोकु'. हा मुळात महसुली शब्द. जी जमीन सारा देत नाही, जी कोणा एकाची नाही, जी पाण्यासाठी, गुरांसाठी, सर्वांसाठी राखून ठेवलेली आहे ती पोरम्बोकु. सारा देत नाही म्हणून सरकारच्या लेखी ती निरुपयोगी ठरली, आणि पुढे निरुपयोगी माणसाला हासडण्याची ती शिवी झाली. कृष्ण यांनी ती शिवी रागात बांधून सन्मानाने गायिली. सवर्णांच्या सभागृहात वाढलेल्या कलेने खाडीतल्या कोळ्याची जमीन आपली म्हणावी, ही गोष्ट त्या कलेच्या रसिकांनाही बोचली असणार. बोचलीच पाहिजे होती.

मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये. आपल्या सातबाऱ्यावर 'पोटखराबा' आहे, गावाच्या नोंदीत 'गायरान' आणि 'पडीक' आहे. जेथे धनगराची मेंढरे चरतात, भूमिहीनाची बाई सरपण गोळा करते, ते सरकारी भाषेत पडीक. कोकणातले कातळसडे असेच पडीक. त्या सड्यांवर पावसाळ्यात भात होते, रानफुले येतात, आणि त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, मासे आणि मानवाकृती कोरून ठेवल्या आहेत. २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. त्यांपैकी बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकरी बाया उन्हात आडव्या पडल्या आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेले. कातळावर कोरणारा तो अनाम कलावंत या भूमीवर माणसाचा हक्क किती जुना आहे, याची साक्ष देऊन गेला आहे.

येथवर जे कलावंत आले ते लढणाऱ्यांच्या बाजूचे. परंतु कलेला पैसा लागतो आणि तो कोठून येतो हा प्रश्न समाजवाद्याने तरी टाळता कामा नये. लंडनच्या टेट या राष्ट्रीय कलासंग्रहालयाला ब्रिटिश पेट्रोलियम ही तेलकंपनी १९९० पासून देणगी देत होती. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात या कंपनीच्या विहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार मेले आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. त्याच वर्षी 'लिबरेट टेट' हा कलावंतांचा गट निघाला. स्फोटाला वर्ष झाले त्या दिवशी संग्रहालयाच्या भव्य दालनात एक विवस्त्र माणूस अंगावर काळे तेल ओतून घेऊन ८७ मिनिटे जमिनीवर पडून राहिला. पुढच्या वर्षी या मंडळींनी साडेसोळा मीटर लांबीचे पवनचक्कीचे पाते खांद्यावरून आत नेले आणि राष्ट्राला भेट म्हणून सादर केले. संग्रहालयाने ते स्वीकारले नाही. दरम्यान माहितीच्या हक्काखाली झगडून मिळविलेल्या आकड्यांतून कळले की १९९० ते २००६ या काळात कंपनीने दिलेली रक्कम एकूण ३८ लाख पौंड होती, सरासरीने वर्षाला सव्वादोन लाखांच्या आत. एवढ्या मोठ्या संस्थेची अब्रू एवढ्या स्वस्तात भाड्याने मिळत होती! २०१६ साली हा संबंध संपणार असल्याचे जाहीर झाले. विजय पुरता नाही. २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश म्युझियमने त्याच कंपनीकडून दहा वर्षांसाठी ५ कोटी पौंड घेण्याचे मान्य केले. आपल्याकडील साहित्यसंमेलने आणि संगीतमहोत्सव यांच्या मांडवांवरील कापडी फलक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या विषयावर अधिक सांगणे नलगे.

आणि किंमत? नायजेरियाचे केन सारो-विवा हे कादंबरीकार. दूरचित्रवाणीवरील त्यांच्या विनोदी मालिकेने सारा देश हसविला होता. त्यांच्या ओगोनी भूमीत १९५८ पासून तेल निघत होते आणि शेते, ओढे काळे होत होते. १९९३ च्या ४ जानेवारीला त्यांच्या संघटनेच्या हाकेवर सुमारे ३ लाख ओगोनी रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी शेल कंपनीला तेथील काम थांबवावे लागले. लष्करी राजवटीने खुनाच्या चिथावणीचा खटला रचला आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी आठ सहकाऱ्यांसह त्यांना फाशी दिले. २००९ साली शेलने वारसांना १ कोटी ५५ लाख डॉलर दिले, दोष मात्र मान्य केला नाही. सोकारी डग्लस कॅम्प या शिल्पकार स्त्रीने त्यांच्या स्मरणार्थ पोलादाची बस घडविली. २०१५ साली ती नायजेरियाला पाठविली तेव्हा लागोसच्या बंदरात सरकारने अडवून ठेवली. २०२५ च्या जूनमध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या नऊ जणांना माफी दिली. माफी गुन्ह्याची असते. त्यांचा गुन्हा कोणता, हे सांगितले गेले नाही.

प्रचाराने कला बिघडते, असा आक्षेप आपल्या विद्वानांकडून नेहमी येतो. तो सर्वस्वी खोटा नाही. घोषणेला चाल लावली की गाणे होत नाही, आणि आपल्या पथनाट्यांतला भांडवलदार टोपी, चिरूट आणि पोट यांपलीकडे क्वचितच जातो. मिनामाताचा कंपनी-अध्यक्ष तसा नव्हता, तो सभ्य आणि गोंधळलेला माणूस होता, आणि म्हणूनच त्या चित्रपटातला त्याचा चेहरा इतका काही सांगून जातो. वाईट कलेचे कारण बांधिलकी नसून आळस आहे. विषय न समजून घेता, त्या वस्तीत न राहता, आठवड्यात बसविलेले नाटक वाईटच होणार. सत्यशोधकांचे जलसे गावच्या तमाशाच्या घाटात बसले होते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगाव गायिले, कारण ते तेथल्या चाळींत जगले होते. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला तेव्हा त्याचे सेनापती पांडुरंग महादेव बापट हे स्वतः कवी होते, आणि ते व्यासपीठामागे उभे नव्हते.

म्हणून जिल्हा शाखांकडे आमचे काही मागणे आहे. खाडीकाठच्या, खाणपट्ट्यातल्या वा औद्योगिक वसाहतीच्या गावांत मोहीम घेण्यापूर्वी कलापथकाला पंधरा दिवस तेथे राहू द्यावे. त्याला प्रदूषण मंडळाचे कागद, दवाखान्याच्या नोंदी आणि सातबारे वाचावयास द्यावेत, आणि गावच्या बायांच्या ओव्या व कोळ्यांची गाणी ऐकू द्यावीत. जे रचले जाईल ते प्रथम गावाला ऐकवावे आणि गावाने नको म्हटलेले काढून टाकावे. कारखान्यातील आपल्या संघटनेच्या कामगारांना त्या बैठकीला बोलवावे. ते संकोचतील, कदाचित चिडतीलही. चिस्सोच्या कामगारांना लाजेची घोषणा करावयास रोगाच्या नोंदीपासून बारा वर्षे लागली होती. कलापथकाच्या प्रवासखर्चाची व भत्त्याची तरतूद मोहिमेच्या अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, ती 'किरकोळ' या सदरात घालू नये. आणि येत्या सभांच्या कार्यक्रमपत्रिकेत शाहिराचे नाव वक्त्यांच्या यादीत, वेळेसह छापावे.